शेडग्यांची कैची आणि भोयर खलाशी

गुणवंत भोयर तारदोराला उघडा हात कधीही लावत नसे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. कारण गेल्या महिन्यात त्याच्या निरोपसमारंभात एका वक्त्याने ‘भोयरदादा नुसता हात फिरवून दोराचा जीव ओळखत’ असे ठोकून दिले आणि मंडपातल्या शंभरेक माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या वक्त्याने जन्मात तारदोर हाताळलेला नसावा. लोखंडी तारांच्या दोरातली एखादी तार तुटून वर आली असेल, तर ती उघडा तळवा सुरीसारखी चिरते. भोयर जुन्या धोतराची चिंधी घेई, ती दोराभोवती धरी आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढत नेई. चिंधी अडकली की थांबे, खडूने खूण करी. एका वितीत खुणांची दाटी झाली की तो दोर बाद. आणि बाद झालेला दोर तो कोपऱ्यात ठेवत नसे. गॅसकटरने त्याचे दोन तुकडे करून भंगारात टाकी. “ठेवला तं कोणीतरी वापरते जी,” एवढेच त्याचे स्पष्टीकरण. यात दिव्यदृष्टी कोठेही नाही. एक चिंधी आहे, एक खडू आहे आणि रोज सकाळी अर्धा तास मोडण्याची तयारी आहे. पण टाळ्या दिव्यदृष्टीला पडतात.

खलाशी म्हटले की वाचकाला समुद्र आठवेल. आमच्या धंद्यात जड लोखंड उचलून जागच्या जागी बसवणाऱ्या कारागिराला खलाशी म्हणतात. भोयर वर्ध्याकडचा. तिकडच्या वीजकेंद्रांच्या आणि कारखान्यांच्या कामांवर तयार झालेला, आणि पुढे आपल्या पाच जणांच्या टोळीसह पुण्यात आलेला. मी लोखंडी इमारती उभारणारा अभियंता. चाळीस वर्षे तेच केले. आमची पहिली भेट वारज्यातल्या एका गोदामावर झाली, आणि ती भांडणाने झाली, हे मला अभिमानाने नोंदवावेसे वाटते.

मी त्याला म्हणालो होतो, “ही तुळई साडेसातशे किलोची आहे. लावा दोर.”

त्याने तुळईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि अत्यंत नम्रपणे विचारले, “साहेब, हे वजन केलेलं हाय का सांगितलेलं?”

“म्हणजे?”

“म्हंजे काट्यावर घातली होती, का तुमी नुसतं बोलून राहिले?”

मला त्या काळी कोणी असे प्रश्न विचारत नसे. मी चिडलो, त्याने काटा आणला, तुळई काट्याला टांगली. ती साडेसातशेचीच निघाली. मी विजयी मुद्रेने पाहिले, तर भोयर माझ्यापेक्षा जास्त खूश. “बराबर निघालं साहेब! आता उचलाले मजा येईन!” आपण जिंकलो की हरलो, हे मला त्या दिवशी ठरवता आले नाही.

मंडईत वांगी घेतानाही हा मनुष्य विक्रेत्याला आधी रिकामा तराजू दाखवायला लावी. एका भाजीवालीने त्याला “अहो पाहुणे, पाव किलो वांगी घेताय की सोनं?” असे विचारल्याचे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. त्यावर भोयरने “ताई, सवय हाय. वांगी चांगली हायेत,” असे म्हणून अर्धा किलो घेतली. त्याच्या पत्नी शकुंतलाबाईंची तक्रार याहून जुनी होती. “मले पाहाले आले होते तवा,” त्या सांगत, “सारा वेळ वर छताले पाहून राहिले होते. माय म्हणे, पोरगा लाजते. कशाचा लाजते? आमच्या माळ्याचा वासा वाकला होता, ते पाहत होते!” भोयर यावर मिशीत हसे आणि म्हणे, “बसलो होतो तर त्याच्याच खाली ना.”

आता मूळ वादाकडे येतो. शेडग्यांच्या मंगल कार्यालयाची पहिली कैची ज्या दिवशी चढली, त्या दिवसाच्या तीन हकिगती सध्या पुण्यात प्रचलित आहेत. आमचे कंत्राटदार घुले यांच्या मते भोयरने लांबूनच कैची पाहिली आणि नुसत्या नजरेने वजन सांगितले. शेडगे कुटुंबाच्या मते त्यांच्या आजींना साक्षात्कार झाला आणि त्यांनी ऐन वेळी ‘थांबा’ म्हणून मोठा अपघात टाळला. आणि आमच्या एका तरुण सहकाऱ्याने व्हॉट्सअॅपवर जो मजकूर फिरवला, त्यात ‘कुलथेसरांच्या अचूक गणितामुळे धोका वेळीच लक्षात आला’ असे म्हटले आहे. कुलथेसर म्हणजे मी. तिन्ही हकिगती खोट्या आहेत, आणि तिसरी सर्वांत जास्त खोटी आहे.

शेडगे हे वारज्याचे जुने शेतकरी घराणे. गाव शहरात आले, उसाच्या जागी इमारती आल्या, आणि उरलेल्या एका तुकड्यावर थोरल्या आजींच्या इच्छेने मंगल कार्यालय उभे राहत होते. छपराच्या त्रिकोणी लोखंडी सांगाड्याला कैची म्हणतात. अशा नऊ कैच्या जमिनीवर जोडून तयार होत्या. पहिली चढवण्याचा मुहूर्त सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांचा काढला होता. सारी भावकी जमली होती. मंडप, पेढे, सनई, खुर्च्या; लग्नाला कमी पडेल असे काही नव्हते.

कोणत्या दोरांनी उचलायचे याचा कागद मी चार दिवस आधी तयार करून, सही करून घुल्यांना दिला होता. नकाशाप्रमाणे कैची दोन टनांची. दोर दोन, प्रत्येक दोन टन पेलणारा. दोर आखूड होते, त्यामुळे ते क्रेनच्या हुकापासून कैचीपर्यंत पसरट जाणार होते. पसरट दोरावर ताण वाढतो. तो हिशेबही मी केला होता आणि तो बरोबर काठावर बसत होता. काठावर बसतो म्हणजे बसतो, असे मी स्वतःला सांगितले.

सकाळी साडेआठला भोयर आला. चिंधी, खडू, दोर तपासून झाले. मग तो कैचीला एक प्रदक्षिणा घालून माझ्याकडे आला.

“साहेब, हे मोर तुमच्या कागदात हायेत का?”

“कोणते मोर?”

आदल्या संध्याकाळी शेडग्यांच्या थोरल्या नातवाने दर्शनी कैचीवर जाड पत्र्याचे दोन मोर आणि आजोबांच्या नावाची लोखंडी अक्षरे जोडून घेतली होती. वर चढल्यावर जोडणे अवघड, म्हणून खालीच. आणि सगळे एकाच अंगाला, कारण दुसरे अंग पाण्याच्या टाकीआड जात होते. तिकडचा मोर रस्त्यावरून दिसला नसता. मोर छपराला सहज पेलणार होते, त्याची मला चिंता नव्हती. प्रश्न उचलण्याचा होता.

“किती असतील? शे-दोनशे किलो,” मी म्हणालो.

“सांगून राहिले साहेब तुमी,” तो हलकेच म्हणाला, आणि काटा काढला.

घुले म्हणतात ती नजर या ठिकाणी होती, असे समजा. त्या नजरेचे स्वरूप असे: कैचीच्या एका टोकावर तीन पायांचे तिकाटणे उभे केले, त्याला साखळीची पुली, पुलीला लटकता काटा. ते टोक चार बोटे उचलून आकडा खडूने लोखंडावर लिहिला. मग तोच खटाटोप दुसऱ्या टोकाला. दोहोंची बेरीज अडीच टनांच्या वर गेली, आणि मोरांकडचे टोक चांगलेच जड निघाले. या नजरेला पाच माणसे आणि पाऊण तास लागला.

भोयर घुल्यांकडे गेला. “मालक, हे दोर नाही चालत. लांब अन् जाड पाह्यजे. अन् हूक मोरायकडं सरकवून घ्यावा लागते.”

घुल्यांनी घड्याळ पाहिले. साडेनऊ होऊन गेले होते. “का नाही चालत? दोन टनांचे दोन दोर, म्हणजे चार टन. कैची अडीचची. दोन आणि दोन चार हे तुमच्या वर्ध्याला शिकवतात ना?”

पाहुणे हसले. घुल्यांचे गणित चूक आहे हे तेथे दोन माणसांना कळत होते. एक भोयर, आणि दुसरा मी. मी गप्प बसलो. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षे लागली आहेत.

भोयर चिडला नाही. त्याने शेडग्यांच्या घरातून पाण्याने भरलेली कळशी मागवली, दोराच्या मध्यभागी बांधली, आणि आजींच्या दोन धिप्पाड पुतण्यांना बोलावले. दोघेही रोज व्यायामशाळेत जाणारे, दंड दाखवायला बाह्या दुमडलेले.

“पैलवान, जवळ उभे राहून उचला.”

दोघांनी कळशी एकेका हाताने उचलली.

“आता एकेक पाऊल मागं सरका. अजून. अजून. कळशी खाली नाही आली पाह्यजे.”

दोर जसजसा आडवा होऊ लागला तसतशी पुतण्यांची तोंडे लाल होत गेली. दोन्ही हात लागले, टाचा मातीत रुतल्या.

“बस, आता दोर सरळ रेघेत आणा,” भोयर म्हणाला. “आणला तं मी आत्ताच्या आत्ता मिशी काढतो.”

“ओढ की रं! त्यांची मिशी घ्यायची हाय!” मागून कोणीतरी ओरडले. थोरल्याने दात ओठ खाऊन हिसका दिला, धाकट्याच्या हातून दोर सुटला, आणि कळशी घुल्यांच्या कडक इस्त्रीच्या पायजम्यावर रिकामी झाली. सनईवाला सनई सोडून हसू लागला. आजी पदरात तोंड घालून हसत होत्या.

“कळशी तेवढीच हाय मालक,” भोयर म्हणाला. “पाणी वाढलं नाही. दोर आडवा झाला म्हणून जड झाली. कैचीले आपण तसंच करून राहिलो.”

बोलणे घुल्यांशी होते. पाहत मात्र तो माझ्याकडे होता. भिजलेल्या माणसाला युक्तिवाद पटत नाही. घुले उसळले. “हे बघ भोयर, मुहूर्त तुझ्यासाठी थांबणार नाही. जमत नसेल तर तुझी माणसं घे आणि नीघ. शेजारच्या शिवण्यातून दुसरी टोळी अर्ध्या तासात आणतो. साहेबांची सही आहे कागदावर, तू कोण? सांगा साहेब त्याला.”

भोयरच्या मागे त्याची पाच माणसे येऊन उभी राहिली होती. नऊ कैच्यांचे, म्हणजे महिनाभराचे काम जात होते. दुसरी टोळी आली असती तर तिने काही न विचारता तेच दोर लावले असते, आणि खाली खुर्च्यांवर भावकी बसली होती. निर्णय माझ्या एका वाक्यावर होता, आणि ते वाक्य माझ्याच सहीच्या विरुद्ध होते. साऱ्या पाहुण्यांच्या, कामगारांच्या आणि दोन नवशिक्या अभियंत्यांच्या समोर ते बोलायचे होते. माझा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या क्षणाची लांबी कळेल.

“कागद चुकला आहे,” मी म्हणालो. “घुले, तुमचं दोन आणि दोन चूक आहे, आणि माझं त्याहून चूक आहे, कारण मला येत होतं. वजन आधी, मग कोन, मग दोर, असा क्रम असतो. मी कोठारात कोणते दोर आहेत ते आधी पाहिलं आणि हिशेब त्यांच्यापुरता बसवला. मोर तर मी पाहिलेही नाहीत. भोयर सांगतो ते दोर येईपर्यंत काही उचललं जाणार नाही.”

घुले खालच्या आवाजात म्हणाले, “अहो साहेब, सगळ्यांसमोर कशाला?”

“उचलणार सगळ्यांसमोरच होतो ना?”

लांब आणि जाड दोर खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या आमच्या दुसऱ्या कामावर होते. घुल्यांची गाडी पाठवली. जाऊन-येऊन दीड तास, मुहूर्त गेला. आता आजींना कोण सांगणार, यावर मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. भोयर सरळ जाऊन त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि सगळे सांगितले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि गुरुजींकडे मान वळवली. “काय वो काका, दुसरा मुहूर्त न्हाय का?”

गुरुजी पेढा खात होते. ते न उठता म्हणाले, “बाराला अभिजित आहे. रोजच असतो. तुम्ही विचारलंच नाहीत.”

बाराच्या सुमाराला नवे दोर चढले. लोखंडाच्या धारेवर दोर कापू नये म्हणून भोयरने प्रत्येक टेकणाखाली बारदानाची जाड घडी बसवली. सुनांनी कैचीला लावायला तेलाची वाटी आणली होती, ती मात्र परत केली. “तेल नको माय, दोर घसरंल. कुंकू पाह्यजे तेवढं लावा.” खुर्च्या दोन वेळा मागे हटवल्या. मग तो क्रेनच्या समोर उभा राहिला आणि आपला नेहमीचा नियम सर्वांना ऐकू जाईल असा म्हणाला: “इशारा माझ्या एकट्याचा. पण ‘थांबा’ कोणीबी म्हणा. मालक म्हणा, पाहुणे म्हणा. कुत्रं भुंकलं तरी मी थांबतो.”

शिट्टी वाजली. कैची वीतभर उचलली, आणि त्याने तिला तेथेच धरून ठेवले. हे तो प्रत्येक उचलीत करी: वीतभर उचलायचे, थांबायचे, दोन्ही टोके समपातळीत आहेत का पाहायचे, दोर निरखायचे. ती समपातळीत होती. मोर डौलात होते. तेवढ्यात आजी कडाडल्या, “आरं थांबा!”

हाच तो साक्षात्कार.

“वर गेल्यावर मी कशी ओवाळू? माझा हात पुरतोय तवर ओवाळू द्या की!”

घुल्यांनी कपाळाला हात लावला. भोयरने मात्र कोणाला टांगत्या वजनाजवळ जाऊ दिले नाही. कैची पुन्हा जमिनीवर टेकवली, दोर सैल सोडले, स्वतः आजींचा हात धरून त्यांना आणले. आजींनी कैचीला ओवाळले, मोरांना ओवाळले, आणि भोयरलाही ओवाळले. तो इतका लाजला की शकुंतलाबाईंच्या आईचे म्हणणे मला क्षणभर खरे वाटले. मग पुन्हा शिट्टी, पुन्हा वीतभर, पुन्हा थांबा, आणि मग ती दोन टन म्हणवणारी अडीच टनांची कैची, दोन बाजूंनी दोऱ्यांनी आवरलेली, इतकी संथ वर गेली की सनईवाला वाजवायचे विसरला. खांबांवर बसली, बोल्ट आवळले गेले. भोयरने शिट्टी खिशात टाकली आणि पहिला पेढा क्रेनचालकाला दिला.

हे सारे मी निरोपसमारंभात उभे राहून सांगितले. मला बोलायला बोलावले नव्हते. मी माईक मागून घेतला. घुले हसत होते, शेडग्यांचा नातू मान हलवत होता, तो व्हॉट्सअॅपवाला तरुण खुर्चीत खाली खाली सरकत होता. माझी हकीगत संपल्यावर भोयर उठला. तो आता गावी, मुलाकडे परत जाणार होता. अंगावर नवा पांढरा सदरा, हातात नारळ.

“साहेबायनं सांगितलं ते सारं बराबर हाय,” तो म्हणाला. “एक गोष्ट त्यायले माहीत नाही. कळशी मागवली ना, त्याच्या आधीच मी आमच्या पोरायले सांगून टाकलं होतं: काटा, पुली, दोर, सारं सामान बांधा. काम गेलं. बाकी काहीबी होईन, कुलथेसाहेब सही केलेला कागद मागं घेणार नाही.”

मंडप हसला. मीही.

“मंग साहेबायनं घेतला. दोर येईपर्यंत दीड तास आमी साही जण आमच्या गाडीमागं बसून गाठी सोडून राहिलो होतो. लई आवळून बांधल्या होत्या जी!”

त्या दीड तासात ही टोळी आपल्या गाडीमागे काय खुडबूड करते आहे, असे मी घुल्यांना विचारल्याचे मला स्वच्छ आठवले. तयारी करत असतील, असे ते म्हणाले होते आणि मी ते मान्य केले होते.

घुल्यांनी माईक पुन्हा माझ्याकडे केला. “साहेब, यावर तुमचं काही म्हणणं?”

मी माईक घेतला. मंडप वाट पाहत होता. मला ओळखणारे तर खुर्च्या पुढे ओढून बसले. भोयर नारळ पोटाशी धरून माझ्याकडे पाहत होता. त्याच्या हकिगतीत खोडण्यासारखे काहीच सापडेना. मी माईक परत केला आणि खाली बसलो, आणि त्या दिवसातल्या सर्वांत मोठ्या टाळ्या त्या वेळी पडल्या. त्या माझ्यासाठी होत्या, असे आता काही जण सांगत फिरतात. त्या भोयरसाठी होत्या. मी तेथे होतो.